घोटभर गंगा

चैत्रातल्या यात्रेला तुषार पैठणहून गंगेची कावड घेऊन अनवाणी आला. आईनं, कलाबाईनं, त्याला वेशीतच गाठलं.

"तुझ्या बापाचा जीव अडकलाय रं. घोटभर गंगा मागतोय."

"देवाच्या आधी? येडी का काय तू! देवाची अंघोळ झाली की तीर्थ घिऊन येतोच."

कलाबाई नवऱ्याच्या उशाशी वाट बघत बसली. तिकडं साठ कावडी देवाच्या डोक्यावरून थेट गटारीत गेल्या. मग हार झाले, फेटे झाले, कीर्तन रंगलं. संतानं देवाची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली, हे ऐकून पहिल्या रांगेतला तुषार हमसून हमसून रडू लागला.

मागून खांद्यावर कलाबाईचा हात पडला.

"समदं हितंच रडू नको, बाळा. घरी बापासाठी ठेव थोडं."