पुलावरचं दंडवत

चौकातल्या जुन्या मोठ्या घड्याळाखाली गर्दी दाटू लागली, तशी सत्यशीलाने ऋतुजाची लोकरीची टोपी दोन्ही कानांवरून वर सरकवली.

"अगं, गारठंल ना पोर!" गोजरबाई सुनेवर खेकसल्या. "एवढ्या थंडीत कान कशाला उघडे पाडलेस?"

"थोडंसंच, आत्याबाई. घंटा होऊ द्या."

ऋतुजाला तिसरं सरत आलं होतं आणि तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. उद्या सकाळी प्रागच्या दवाखान्यात तिचे कान तपासायचे होते. घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा चला, जरा फिरून येऊ, म्हणून देवानंदने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. राजूरहून आलेल्या आईला त्याने नोकरीच्या धबडग्यात हे शहर दाखवलंच नव्हतं.

घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा हलला. त्याने दोरी ओढली, घंटा घणघणली, आणि चौकातल्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. सत्यशीलाने घड्याळ पाहिलंच नाही. ती लेकीकडे बघत होती. ऋतुजानेही मान वर केली. हसली.

"वळली! बघितलं ना तिनं वर?" देवानंद म्हणाला. कॅमेरा डोळ्याला तसाच.

"सगळेच वर बघत होते," सत्यशीला म्हणाली. "म्हणून तिनंही बघितलं."

त्याने फोटो न काढताच कॅमेरा खाली घेतला.

पुलाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत तिने मुठीतली घराची चावी ऋतुजाच्या पाठीमागे फरशीवर टाकली. पोर वळली नाही. थोडं पुढे जाऊन पुन्हा टाकली. या वेळी वळली, पण नेमका तेव्हाच गोजरबाईंनी तिचा हात ओढला होता.

"किती येळा पाडती ती चावी? एखादवेळी हरवली म्हंजे बसू दारात कुडकुडत."

सत्यशीलाने चावी उचलून पुन्हा मुठीत धरली.

पुलावर दोन्ही अंगांनी काळपट दगडी संत उभे होते. डोक्याखांद्यांवर बर्फ. एका पुतळ्याखालच्या पितळी पत्र्याला लोक ओळीने हात लावत होते. लावून लावून तेवढाच भाग सोन्यासारखा झाला होता.

"काय करून राह्यले हे?"

"हात लावला की मनातलं होतं म्हणतात, माय."

"मंग बूट काढून तरी लावावा की. असं पायात घालून कुठं देव पावतो व्हय?" असं म्हणत गोजरबाईंनी स्वतः हात लावला, नातीचाही लावला. पुढे चार पावलं गेल्या आणि थबकल्या.

पुढच्या पुतळ्याच्या पायाशी एक माणूस गुडघे टेकून, कपाळ दगडाला लावून पडला होता. पाठीवर बर्फाचा भुगा साचलेला. लोक त्याला वळसा घालून चालले होते.

"बघ गं. आपल्या राजूरला अंगारकीला दंडवत घालत्यात, तसंच की. कव्हाचा पडून हाय बिचारा. घरचं कोणी लई बिमार असंल ह्याचं."

"माय, भिकारी हाय तो," देवानंद हळूच म्हणाला. "पुढं टोपी ठेवलीय बघ. इथं असंच मागतात."

गोजरबाई पुढून जाऊन टोपी बघून आल्या.

"मंग? मागूनच राह्यला ना? मी काय येगळं म्हणले?"

त्यांनी जाकिटावरून पदर सारखा केला, बूट काढून बाजूला ठेवले आणि "माय, लोक बघून राह्यले" असं देवानंद म्हणेपर्यंत त्या माणसाच्या शेजारी, त्याच्यासारखंच, दगडावर डोकं टेकलं.

सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती इकडे तिकडे बघू लागली.

लाल कोटातली एक म्हातारी गोरी बाई थांबली. तिने त्या माणसाच्या टोपीत नाणं टाकलं. मग पर्स चाचपून आणखी एक काढलं आणि गोजरबाईंच्या कपाळापुढे टाकलं. ते दगडावर खणकन वाजलं, उडालं, गरगरत आडवं झालं.

देवानंद दचकला. पडलेल्या माणसाने मान उचलून पाहिलं. ऋतुजा हाताच्या अंतरावर, पाठ करून उभी होती. नदीवरून वर आलेले पांढरे पक्षी पुलावर घिरट्या घालत होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

सत्यशीलाने तिच्या पाठीकडे पाहिलं. मुठीतली चावी पर्समध्ये टाकली. लेकीची टोपी दोन्ही कानांवर नीट ओढून घेतली, तिचा हात देवानंदच्या हातात दिला. मग बूट काढले आणि सासूच्या शेजारी त्या गार दगडावर कपाळ टेकलं.