बिलातली मान

गळ्यात झालेल्या पिशवीची शस्त्रक्रिया तोंडातून दुर्बीण घालून झाली होती, त्यामुळे धारपांच्या मानेवर साधा ओरखडाही नव्हता. तरी घरी निघताना रुग्णालयाचं दार उघडेना.

"मानेवर टाके नाहीत. तुम्ही धारप नाही," दार म्हणालं.

बिलाच्या खिडकीतल्या रेहानाबाईंनी जीभ चावली. "सवयीनं बिलात मान कापून करायच्या ऑपरेशनचा जुनाच कोड टाकला गेला हो. आता दार बिलाचंच ऐकणार."

"मग बदला की तो!"

"विमा कंपनीनं मंजूर केलेला कोड कसा बदलणार, काका?"

धारप चक्रावले. काल भूल देईपर्यंत तर ते धारपच होते.

"अगं, तू तरी सांग यांना," ते बायकोला म्हणाले.

मालतीबाईंनी त्यांची मान दोन्ही बाजूंनी निरखून पाहिली आणि मागे सरकत रेहानाबाईंना हळूच विचारलं, "मग आमचे हे कुठे आहेत?"