आधी तू खा

वरणभाताचा घास ओठांशी नेला, तशी चार वर्षांच्या त्या पोरीने तोंड घट्ट मिटलं. पुलाखाली कुणीतरी वाटलेलं अन्न खाऊन तिची आई काल दवाखान्यात गेली, तेव्हापासून हिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर हिलाही सलाईन लावतील," निवारा सांभाळणाऱ्या कुमुदताई हळूच म्हणाल्या.

पोरीने माझं मनगट धरून घास माझ्याकडे वळवला. "आधी तू खा."

"अगं, मावशीची आज संकष्टी! चंद्र दिसेपर्यंत उपास असतो. दे, मी खाते," कुमुदताईंनी हात पुढे केला.

"नको. हिने कालवलाय ना? मग हिनेच खायचा."

लग्नापासून माझी एकही संकष्टी मोडली नव्हती. मनातल्या मनात गजाननाला हात जोडले आणि घास गिळला. तिने लगेच माझ्या पोटावर हात ठेवला.

"दुखतंय?"

"नाही गं, बाळा."

"आईचंपण लगेच नव्हतं दुखलं," म्हणत ती माझ्या मांडीवर बसली. हात तिथेच.

उन्हं कलली. माझे पाय बधिर झाले, पण मी हलले नाही.

"अजून नाही?"

"नाही."

तिने ताट स्वतःकडे ओढलं.