दुबूचा वाडगा

मालसून आजीनं कपाट उघडलं, तर नवऱ्याच्या काशाच्या वाडग्याची जागा रिकामी. संध्याकाळी नवऱ्याचं श्राद्ध, भात शिजत आलेला, आणि वाडगा सापडला कुठं, तर बाल्कनीत, दुबूच्या तोंडाखाली. दुबू म्हणजे घरातला कुत्रा. कापसाच्या गोळ्यासारखा पांढराशुभ्र, आणि सुनेच्या हिशेबानं आजीचा एकुलता एक नातू.

सून दाऊन शांतपणे समजावत बसली. प्लास्टिक तिनं दुबूच्या आयुष्यातून पार हाकलून लावलं होतं. चिनी मातीच्या झिलईत शिसं असतं, स्टीलला वास येतो, आणि बांबूच्या भांड्यात बांबू कमी, डिंक जास्त. खेळणीसुद्धा आता सफरचंदाच्या लाकडाची आणि बिनरंगाच्या तागाची. मग उरलं काय, तर हातानं ठोकलेलं कासं. आणि ते तर घरातच होतं, कपाटात नुसतं पडून.

दुबूचे जुने प्लास्टिकचे वाडगे मात्र टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं. ते स्वच्छ धुऊन तिनं आजीच्या जेवणाला लावले होते.

"दुबूचं लिव्हर नाजूक आहे, आई."

"आणि माझं?"

"तुम्हाला सवय आहे."

मुलगा गिते ऑफिसातून आला, दोघींची तोंडं बघितली आणि त्यानं तोडगा काढला. आजच्या दिवस वाडगा बाबांना उसना द्यायचा. दाऊन तयार झाली, फक्त हिरव्या घासणीनं घासायचा नाही म्हणाली, दुबूला ओरखडे चालत नाहीत. आजी हातानंच चोळायला बसली. वाडगा पालथा केला तर बुडाला सुरेख अक्षरांत नाव कोरलेलं. दुबूचं. कारागिराचा हात चांगला होता. आजीनं वाडगा सुलटा केला आणि त्यात भाताची रास केली.

मांडणी झाली. नवऱ्याच्या नावाचा कागद, मासा, पर्सिमॉनची फळं, आणि मधोमध तो वाडगा, भातात उभा चमचा रोवून. आत्म्याला यायला बाहेरचं दार किलकिलं ठेवलं. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि रीतीप्रमाणे खोलीबाहेर येऊन सरकतं दार लावून घेतलं. माणूस जेवताना कोणी बघत बसू नये, मग तो मेलेला का असेना. चार घास खाऊन होतील एवढा वेळ खाली मान घालून उभं राहायचं.

तेवढ्यात आत चमचा खणकन पडला.

गितेचा चेहरा पांढरा पडला. मागोमाग आवाज आला, मचमच, मचमच. आजीनं सुनेचं मनगट गच्च धरलं. जिवंतपणी याच आवाजावरून ती नवऱ्याशी जन्मभर भांडली होती. आज तिच्या डोळ्यांना धार लागली. आला. आपल्या वाडग्यात जेवतोय.

गितेनं रीतीप्रमाणे खाकरलं. मग दार सरकवलं.

दुबू मांडणीवर चढून बसला होता. माशाला तोंड लावलेलं नव्हतं, फळं जागच्या जागी. वाडगा तेवढा चाटून लख्ख.

दाऊन किंचाळून धावली. कुत्र्याला लसूण म्हणजे विष, भातात नाही ना घातला? मग तिला आठवलं आणि ती मटकन खाली बसली.

"बरं झालं बाई, पितरांना लसूण चालत नाही."

आता निरोपाचा नमस्कार राहिला होता. गिते कुत्र्याला उचलायला गेला, तर दाऊननं त्याचा हात धरला. भरल्या पोटी उचललं तर दुबूच्या आतड्याला पीळ पडेल, पाच मिनिटं बसू दे तिथंच. गितेनं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि गुडघे टेकले.

नावाचा कागद कुत्र्याच्या पाठीमागे गेला होता. तिघंही वाकली. दुबूनं वरून एक ढेकर दिला. गिते उठला, दाऊन उठली. आजीचं कपाळ जमिनीलाच टेकलेलं.

"अहो," ती पुटपुटली, "पुढल्या वर्षी नका येऊ."