मुकी घंटा

पहाटे झोपमोड होते म्हणून शेजारच्या बंगल्यातल्या वकिलाने आकांडतांडव केलं, तेव्हापासून चर्चच्या घंटेच्या लोलकाला जाड फडकं गुंडाळलेलं होतं. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने बायकोला मूठमाती दिली, त्या दिवशीही ती मुकी घंटाच ओढली होती, दातओठ खात.

आज तोच वकील हसतमुखाने दारात उभा होता. "काका, लेकीचं लग्न आहे. चर्चच्या मैदानात दणक्यात आतषबाजी करायचीय. फादर म्हणाले, मैदान तुमच्या ताब्यात, तुम्ही हो म्हणालात की झालं."

म्हातारा तडक मनोऱ्यावर चढला. धापा टाकत खाली आला आणि ते फडकं त्याने वकिलाच्या हातात कोंबलं.



"उडवा की खुशाल! फक्त प्रत्येक फटाक्याला आधी हे गुंडाळा."