नाक्यावरचं पोतं

म्हातारी आणि तिची शेजारीण सकाळपासून मदतीच्या ट्रकपाशी रांगेत होत्या. त्यांचा नंबर येईपर्यंत तांदूळ संपला.

"अर्धी पोती बंदूकवाल्यांनी नाक्यावरच उतरवून घेतली," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यांच्या आयांच्या घशाखाली तरी कसा उतरतो हो घास?" शेजारीण कडेवरचं रडतं पोर थोपटत म्हणाली.

"किडे पडोत मेल्यांच्या हाताला!" म्हातारीनं कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी म्हातारीचा मुलगा घरी आला. एका खांद्यावर मदतीचं पोतं, दुसऱ्यावर बंदूक.

"आई, नाक्यावर काम मिळालं. आता तुला रांगेत उभं राहायला नको."

तिनं पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. पलीकडे पोर अजून रडत होतं.

चुलीवर आधण ठेवत ती म्हणाली, "आधी ती खिडकी लाव. भाताचा वास शेजारी जाईल."