बापूंच्या पायाखाली

बायांनी मतदान करून आडवी बाटली निवडून आणली, घाटंजीजवळच्या त्या गावातलं दारूचं दुकान बंद पडलं. तरी संध्याकाळी पुरुष झोकांड्या खात घरी येतच होते. बायांच्या पुढारी वच्छलाबाईंनी लपवलेल्या दारूसाठी गोठे, कडब्याच्या गंज्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, सगळं उपसलं. हाती काही लागलं नाही.

“सापडंल,” नवरा नानाजी म्हणायचे. “गांधीबाबा पाहून राह्यला ना!” आणि पहाटेच बादली घेऊन चौकातला पुतळा धुवायला निघायचे. पुतळ्याभोवतीच्या जाळीची चावी कायम त्यांच्याच करदोड्याला. असा नवरा मिळाला म्हणून वच्छलाबाईंची मान गावात ताठ असायची.

गांधीजयंतीला नानाजी तापानं ग्लानीत पडले. करदोड्याची चावी सोडून घेऊन वच्छलाबाईच पुतळा धुवायला गेल्या. पाणी ओतलं, तर ते बापूंच्या पायाखालच्या एका सैल फरशीत गुडगुडत शिरलं. त्यांनी फरशी उचलली. आत देशीच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

तेवढ्यात सुताचा हार घेऊन बाया आल्या. “वच्छलाबाई, आज तुम्ही काहून?”

वच्छलाबाईंनी फरशी तशीच उचलून धरली.

“दुकान बंद झालंच नव्हतं वो बायांनो. गांधीबाबाले आंघोळ घालून माहा बुढा रोज पहाटे उघडत होता.”